मागणारा सेनापती

पोल्ट्रीत अंडी गोळा करायला बायका ठेवाव्या लागतात, किस्से मात्र आपोआप ट्रेमध्ये येऊन पडतात. शिवाय ते नासत नाहीत. नवापूरच्या या पोल्ट्रीत ऑफिसला बसून मला इतकी वर्षं झाली, की नंदुरबारच्या गाडीत रोज शेजारी बसणाऱ्या बायका आता "कशी आहेस गं?" असं विचारत नाहीत. "आज शेठने कोणावर संशय घेतला?" एवढंच विचारतात.

आमचे रमणशेठ माणूस वाईट नाहीत. पगार वेळेवर देतात, कोणाच्या घरी लग्न असलं तर आवर्जून जातात. पण चहात साखर कमी लागली, तर आधी साखर कुठे गेली ते विचारतात आणि मग दुसरा घोट घेतात.

त्यालाही कारण आहे. या धंद्यात शेठ लोक रोगाला भितात तेवढेच मॅनेजरला भितात. मॅनेजर काम शिकतो, खाद्य कुठून घ्यायचं ते शिकतो, सुरतचे व्यापारी त्याच्या ओळखीचे होतात, आणि एक दिवस तो पेढे घेऊन येतो. "शेठ, छोटासा शेड टाकलाय. आशीर्वाद द्या." आमच्याकडच्या दोन मॅनेजरांनी असेच पेढे दिलेत. त्यातल्या एकाची पोल्ट्री आमच्या गेटच्या बरोबर समोर आहे. शेठ रोज सकाळी तिच्याकडे बघतात, आणि मग मान वळवून दिलीपआप्पांकडे बघतात.

दिलीपआप्पा म्हणजे तिसरे मॅनेजर. शहाद्याकडचे पाटील, पन्नाशी ओलांडलेले. बोलणं अहिराणी, आणि तेही तोलूनमापून. शेठसारख्या माणसासमोर कमी बोलणारा माणूस म्हणजे आगीत तेलच.

*

आमच्याकडे कामाला लागायची पहिली अट म्हणजे घरी कोंबडी पाळायची नाही. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून सगळ्याच पोल्ट्रीत हा नियम असतो. पण आमच्या तालुक्यात कोंबडी नसलेलं घर शोधायचं, म्हणजे चूल नसलेलं घर शोधायचं! त्यामुळे शेठ पहाटे स्कूटर घेऊन पाड्यापाड्यांवर फिरतात आणि कामगारांच्या घरांमागे उभे राहून कान देतात.

एकदा रेखाबाईच्या घरामागे त्यांना बांग ऐकू आली. रेखाबाई आमच्या दोन नंबर शेडची मुकादम. शेठ आत शिरले. कोंबडा खांबाला बांधलेला.

"रेखाबाई, हे काय?"

"कोंबडा आहे, शेठ."

"ते दिसतंय. पाळलास?"

"पाळला नाही. पाहुणा आला आहे. देवाला द्यायचा आहे, संध्याकाळपर्यंतच राहील."

शेठचा यावर कसा विश्वास बसणार? संध्याकाळी खात्री करायला ते परत गेले. रेखाबाईने रश्श्याची वाटी त्यांच्यापुढे धरली. शेठ अंडंसुद्धा खात नाहीत. ते दारातूनच मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "खरं बोलते बाई."

*

मग केतन आला. केतन म्हणजे शेठचा मुलगा. पुण्याहून मॅनेजमेंटचा कोर्स करून आला, आणि आल्या आल्या त्याने सोमवारची मीटिंग सुरू केली. खाद्याच्या गोडाऊनमध्ये आम्ही सगळे मक्याच्या पोत्यांवर बसायचो आणि केतन उभा राहून आम्हाला चीनच्या एका प्राचीन सेनापतीचं चरित्र सांगायचा. लीडरशिप शिकायची तर त्याच्याकडूनच, असं त्याचं मत. सेनापतीचं नाव एकालाही नीट घेता येईना, म्हणून तो आमच्यासाठी नुसता सेनापतीच राहिला.

पहिल्या सोमवारची गोष्ट अशी. राजाला शेजारचं मोठं राज्य जिंकायचं होतं. एक तरुण सरदार म्हणाला, दोन लाख सैन्य पुरे. म्हातारा सेनापती म्हणाला, सहा लाखांखाली जमणार नाही. राजा म्हणाला, तुम्ही आता म्हातारे झालात, भ्यायला लागलात. मोहीम तरुणाला मिळाली. सेनापती म्हणाला, मला बरं वाटत नाही, मी गावी जातो.

"खरंच बरं नव्हतं का त्याला?" रेखाबाईने विचारलं.

"छे. रुसला होता," केतन म्हणाला.

त्याच आठवड्यात आमच्या नव्या कोंबड्या पिंजऱ्यांत टाकायच्या होत्या. आप्पा म्हणाले, तीस माणसं लागतील. केतन म्हणाला, नीट प्लॅनिंग केलं तर पंधरा पुरेत. शेठने अर्थातच पंधरा ऐकलं. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला की ताप आलाय, येत नाही. गोडाऊनमध्ये सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

दुपारपर्यंत आमच्या कोंबड्या पिंजऱ्यांत कमी आणि पिंजऱ्यांवर जास्त होत्या. शेठने मला गाडीत घातलं आणि थेट आप्पांच्या क्वार्टरवर गेले. आप्पा गोधडी पांघरून पडलेले. शेठने त्यांच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या कपाळाला लावून बघितला, आणि तरी समाधान होईना म्हणून गोधडीखाली गरम पाण्याची पिशवी आहे का ते चाचपायला लागले.

आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "शेठ, थंडी वाजी ऱ्हायनी. झाका."

शेवटी शेठ म्हणाले, "बरं, तीस घे. पण बरा हो."

पुढच्या सोमवारी केतनने उरलेली गोष्ट सांगितली. तरुण सरदार हरला, आणि राजा स्वतः रथ घेऊन सेनापतीच्या गावी गेला, त्याची माफी मागितली, सहा लाख सैन्य कबूल केलं.

शेठ पोत्यावरून उठलेच. "हे आधी का नाही सांगितलं? मी गेलोच नसतो!"

*

खरा घोळ झाला तो तिसऱ्या सोमवारी.

सहा लाख सैन्य घेऊन सेनापती निघाला. राजा निरोप द्यायला बऱ्याच लांबवर आला. निघता निघता सेनापतीने राजाकडे जमीन मागितली. चांगली शेतं, वाडे, बागा. राजा हसला. म्हणाला, जिंकून या, मग तुम्हाला काय कमी आहे? सेनापती पुढे गेला, पण सीमेवर पोचेपर्यंत त्याने पाच वेळा माणूस मागे पाठवला आणि प्रत्येक वेळी आणखी जमीन मागितली. सोबतचा एकजण म्हणाला, अहो, हे अति होतंय. सेनापती म्हणाला, राजा संशयी आहे. अख्ख्या देशाचं सैन्य त्याने माझ्या हातात दिलंय. मी मुलाबाळांसाठी जमीन मागत राहिलो, तरच त्याला वाटेल की याला जमीनच हवी आहे, सिंहासन नको.

केतन आमच्या चेहऱ्यांकडे खुशीने बघत होता. त्याला वाटलं गोष्ट आवडली. पण शेठ आप्पांकडे बघत होते आणि आप्पा आपल्या चपलेकडे.

आता आप्पांचं नशीब बघा. उन्हाळा लागला होता, क्वार्टरच्या पत्र्याखाली जीव शिजत होता, आणि कूलर मागायचा असं ते मला महिनाभर आधीपासून सांगत होते. नेमका त्यांनी तो मंगळवारी मागितला.

शेठने मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "ताई, आप्पाने कूलर मागितला."

"उन्हाळा आहे, शेठ."

"उन्हाळा दर वर्षी असतो. मागितला या वर्षी."

कूलर मिळाला नाही. आप्पांनी मग मागणंच सोडलं. पंधरा दिवसांनी शेठने मला पुन्हा आत बोलावलं. "आप्पा हल्ली काहीच मागत नाही. काहीतरी शिजतंय." इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, तसं त्या बिचाऱ्याचं झालं. मागितलं तर लबाड, नाही मागितलं तर पक्का लबाड.

*

हा रोग मग सगळीकडे पसरला. रेखाबाईचं माहेर काठीकडचं, तिथली होळी फार मोठी. दर वर्षी होळीला ती सुट्टी मागते, शेठ कुरकुरतात आणि देतात. पुढच्या वर्षी होळी आली, रेखाबाईने सुट्टी मागितली, आणि शेठ तिच्याकडे डोळे बारीक करून बघायला लागले.

"फक्त सुट्टी?"

"हो, शेठ."

"आणखी काही नको?"

रेखाबाई घाबरली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. ती म्हणाली, "मग एक साडी द्या."

शेठचा चेहरा लगेच खुलला. साडी मागणाऱ्या बाईच्या मनात दुसरं काही नाही, हे ते त्या सेनापतीकडून शिकले होते. केतनला बाजारात पाठवून त्यांनी चांगली साडी आणवली. दुसऱ्या दिवशी दोन नंबर शेडच्या सगळ्या बायका ऑफिसबाहेर उभ्या होत्या. प्रत्येकीला शेठचा संशय दूर करायचा होता!

*

मीटिंगा अधूनमधून बुडायच्या, म्हणून वर्ष उलटल्यावर कुठे केतनचा सेनापती लढाईवर गेला, आणि गेला तरी लढेना. छावणी बांधून बसला. सैनिकांना पोटभर खायला घातलं, आंघोळीला पाणी दिलं, स्वतः त्यांच्या पंगतीत जेवला. बऱ्याच दिवसांनी त्याने विचारलं, सैनिक काय करतात? कळलं, की दगड लांब फेकायच्या आणि लांब उड्या मारायच्या स्पर्धा लावतात. सेनापती म्हणाला, आता हे लढायला तयार आहेत.

केतनने हे मनावर घेतलं. आंघोळीला गरम पाणी सुरू केलं, जेवणाची सुट्टी वाढवली, आणि शेडमागच्या मोकळ्या जागेत कामावरच्या मुलांना उड्या मारायला लावलं. मुलं खूश. रोज कोण किती लांब उडी मारतो यावर आरडाओरडा.

शेठ खिडकीतून दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना बोलावलं. "उड्या कसल्या मारतात रे?"

"खेळी ऱ्हायनात, शेठ."

"कंपाउंडची भिंत किती उंच आहे आपली?"

"डोक्याइतली शे."

"बराबर," शेठ म्हणाले. त्या आठवड्यात भिंतीवर काचा बसल्या.

*

यानंतर कोणीतरी शेठच्या कानात सांगितलं, की आप्पांनी गावाकडे पत्र्याचा नवा शेड टाकलाय. कोण ते कळलं नाही, पण समोरच्या पोल्ट्रीतलं असणार. मन चिंती ते वैरी न चिंती. शेठना त्या रात्री झोप आली नसेल. सकाळी त्यांनी मला गाडीत घेतलं, कारण सोबत बाई असली की माणूस हेरगिरीला आल्यासारखा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आप्पांच्या गावी पोचलो. शेड खरंच होता. नवा कोरा, लांबलचक. शेठचा श्वास चढला. गाडी लांब उभी करून ते केळीच्या कडेकडेने गेले आणि त्यांनी पत्र्याला कान लावला. मी मागे उभी. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती. आतून कोंबडीचा आवाज आला असता तर?

आतून आवाज आला तो आप्पांच्या बायकोचा. "शेठ, दार उघडंच शे. आत या ना."

आत मिरची वाळत घातली होती. शेठना इतक्या शिंका आल्या, की चहा कपातच राहिला. परत येताना गाडीत ते शिंकता शिंकता म्हणाले, "मिरचीचा शेड इतका उंच कशाला लागतो?"

*

त्या दिवाळीआधी शेठने मला शेवटचं सांगून टाकलं. "सण झाला की आप्पाला मोकळं करू. दुसरा माणूस बघून ठेवा. त्याला कळू देऊ नका."

मला फार वाईट वाटलं. आप्पांची शेती तीन भावांत वाटलेली, मिरचीचा शेडसुद्धा भावाचाच. आणि एका पोल्ट्रीतून काढलेल्या मॅनेजरला दुसरा शेठ घेत नाही. त्याला वाटतं, हा पहिल्याचा हेर असेल. या वयात आप्पा जाणार कुठे?

त्यांना सांगू की नको, या विचारात मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता आप्पाच म्हणाले, "माले मालूम शे, ताई."

मग मीही सरळ विचारलं. "आप्पा, खरं सांगा. तुम्हाला स्वतःची पोल्ट्री टाकायची आहे का?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "कोनले नही वाटत? पन चोरीनी करानी नही."

त्याच सोमवारी केतनने सेनापतीचं चरित्र संपवलं. शत्रू कंटाळून मागे फिरला तेव्हा सेनापतीने त्याला गाठलं, राज्य जिंकलं, सैन्य राजाला परत दिलं. रेखाबाईने विचारलं, "मेला कसा?"

"म्हातारा होऊन. त्या काळच्या सेनापतींत हे फार दुर्मीळ. बहुतेकांना राजांनीच संपवलं."

"म्हणजे राजाला त्याची युक्ती शेवटपर्यंत कळली नाही," शेठ म्हणाले.

"नाहीते कळेल व्हई," आप्पा म्हणाले. म्हणजे, कळलीही असेल.

मीटिंगमध्ये आप्पा स्वतःहून बोलल्याचं मला आठवतं ते हे एकदाच.

*

दिवाळी व्हायच्या आत शेठच्या छातीत दुखायला लागलं. सुरतला नेलं. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, आणि पुढे तीन महिने धंद्याचं नाव काढायचं नाही. केतन हॉस्पिटल सोडून कुठे जाणार? समोरची पोल्ट्री आमची गिऱ्हाईकं पळवायला टपलेली. आप्पांशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि हे शेठना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथे होतो. शेठाणी माळ ओढत बसलेल्या, मी त्यांच्या सोबतीला. शेठने अंगठी शेठाणींकडे दिली, घड्याळ केतनकडे दिलं. मग उशीखालून मोबाईल आणि गोडाऊनच्या चाव्या काढल्या. त्या मोबाईलमध्ये सुरतपासून सगळ्या व्यापाऱ्यांचे नंबर. शेठने तो कधी चार्जिंगलासुद्धा दुसऱ्याच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी तो जरा वेळ छातीवर धरला आणि आप्पांच्या हातात ठेवला.

"सगळं तुझ्याकडे आलं बघ, आप्पा," शेठ म्हणाले. बोलताना त्यांची नजर आप्पांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. त्या नजरेत दुखण्याची भीती नव्हती, ती वेगळीच होती. मला बघवेना.

स्ट्रेचर निघालं. आप्पा बाजूने चालायला लागले. ऑपरेशनच्या दारापाशी आल्यावर ते वाकले.

"शेठ, येक मांगनं व्हतं."

केतन चिडला. "आप्पा, आत्ता?"

"बोलू दे त्याला," शेठ म्हणाले.

"हायवेले लागीसन तुमनी जी पडीत जागा शे, ती माले द्या."

"काय करायची आहे तुला?"

"पोल्ट्री टाकाले."

शेठाणींची माळ थांबली. केतनने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. शेठ आप्पांकडे बघून हसायला लागले. आधी हळू, मग इतके की स्ट्रेचर हलायला लागलं आणि नर्स ओरडली, "काका, हसू नका, बीपी वाढेल."

शेठने डोळे पुसले. "वाचलो तर दिली."

आप्पांनी मोबाईल शर्टाच्या खिशात टाकला आणि दारासमोरचा बाक ओढून ते तिथेच बसले.

"मंग वाचा," ते म्हणाले. "मी आठेच बठेल शे."